सजावटीचे नवीन ब्लॉक सुचवायचेत, १४ जमलेत, त्यातले ठेवू कुठले?

विटकर_०७

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. माइनक्राफ्ट जावा, सर्व्हायव्हल, मी आणि दोन मित्र मिळून एक जुनाट दिसणारं शहर बांधतोय. म्हणजे चकचकीत नाही, वापरलेलं, पावसात भिजलेलं, कुठे भिंतीचे पोपडे निघालेत असं. आणि बांधताना दर दोन दिवसांनी काहीतरी अडतं, की अरे याला ब्लॉकच नाहीये. मग मी एका वहीत लिहून ठेवायला लागलो आणि आता १४ ब्लॉक झालेत.

सगळे नाही लिहीत, पण मुख्य म्हणजे काँक्रीटच्या पायऱ्या आणि स्लॅब (अर्ध्या उंचीचे ब्लॉक) सोळाच्या सोळा रंगांत, उभे स्लॅब, छपराची कौलं, पातळ लाकडी जाळी, पडदा, दोर, गिलावा केलेली भिंत, पोपडे निघालेली भिंत, गंजलेला पत्रा, आणि असंच बरंच. सजेशन नीट लिहून पाठवायचंय. मागे एकदा दुसऱ्या एका गेमसाठी असंच पाठवलं होतं, चित्रं वगैरे काढून, त्याचं पुढे काय झालं देव जाणे, साधं कुणी हूं की चूं केलं नाही. म्हणून आधी इथे विचारतोय. कुठले ठेवू, कुठले काढू, आणि लिहू कसं? बोलून टाका बिनधास्त, राग येणार नाही.

कोपऱ्यातला_क्रीपर

राग येणार नाही म्हणालास म्हणून सांगतो, १४ ब्लॉकची यादी कुणीही वाचत नाही. मी पण नाही वाचली, "पडदा" पर्यंत आलो आणि खाली सरकलो. यादी दिसली की वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच येतं, याला सगळंच पाहिजे.

काँक्रीटच्या पायऱ्या आणि उभे स्लॅब तर लगेच काढ. वाईट आहेत म्हणून नाही, मला पण पाहिजेत, पण ते इतकी वर्षं इतक्या लोकांनी मागितलंय की तुझ्या मागण्याने त्यात काय भर पडणार? ज्यांनी ऐकायचं त्यांनी ते कधीच ऐकलंय. जे दुसरं कुणी बोललेलं नाही ते बोल. तुझ्या यादीत मला एकच ओळ वेगळी दिसली, पोपडे निघालेली भिंत. ती काय भानगड आहे? नुसतं टेक्स्चर, म्हणजे ब्लॉकवरचं चित्र, पाहिजे असेल तर ते बदलणारा रिसोर्स पॅक आहे की.

विटकर_०७

नाही नाही, नुसतं टेक्स्चर नाही. सांगतो. समजा एका ब्लॉकच्या जाडीची भिंत आहे, बाहेरून मला लाल विटा पाहिजेत आणि आतून पांढरा गिलावा. हे होतच नाही! लाल विटांचा ब्लॉक सहाही बाजूंनी लाल विटाच. त्यामुळे माझ्या प्रत्येक घराच्या आत उघड्या विटा, झोपायच्या खोलीतसुद्धा, आणि आतून पांढरं केलं की बाहेरून घर हॉस्पिटलसारखं दिसतं. मित्र म्हणतो भिंत दोन ब्लॉकची कर, केली एकदा, तर खोलीत पलंग ठेवला की वळायला जागा नाही. गिलावा ही माझ्या हिशोबाने भिंतीच्या एका बाजूला लावायची गोष्ट आहे, अख्खा ब्लॉक नाही. पोपडे म्हणजे त्याच गिलाव्याचा थोडा भाग पडून आतली वीट दिसते ते.

सातमजली

विटकर, अगदी अगदी! मी पाच वर्षं फक्त घरंच बांधतेय आणि सगळ्यात जास्त डोकं याच गोष्टीने खाल्लंय. आकड्यात सांगते, बाहेरून ७ बाय ७ चं घर घे. एक ब्लॉकची भिंत असेल तर आत ५ बाय ५, म्हणजे २५ ब्लॉक जमीन. भिंत दोन ब्लॉकची केली की आत उरतं ३ बाय ३, म्हणजे ९. पंचवीसचे नऊ! मोठ्या वाड्याला कळतही नाही, पण लहान घरं जिथे एकमेकांना चिकटून आहेत तिथे वाट लागते. एक मान्य करते, दोन ब्लॉकच्या भिंतीत खिडकी छान खोल बसते, सावली पडते, त्याच्यासाठी मी मुद्दाम समोरची एकच भिंत जाड करते आणि बाकीच्या तीन पातळ.

आतून पांढरं दाखवायला मी काय काय केलंय विचारू नकोस. चित्रं लावली, बॅनर लटकवले. पांढऱ्या लाकडाचे ट्रॅपडोअर (जमिनीतल्या दाराच्या झडपा) उघडून भिंतीला टेकवून ठेवणे हा त्यातल्या त्यात बरा जुगाड, बर्चचे नाहीतर १.२१.४ मध्ये आलेल्या पेल ओकचे. पण मग एक दिवस चुकून क्लिक बसतं आणि अर्धी भिंत धाडकन आडवी होते.

तर माझं मत, तेरा ब्लॉक फेकून दे आणि हे एकच पाठव. आणि पाठवताना "मला हे छान वाटतं" असं नको लिहूस. आत्ता लोक काय जुगाड करतात आणि तो कुठे फसतो ते लिही, ट्रॅपडोअरवाला फोटो हवा असेल तर माझ्याकडे आहे, आडवी झालेली भिंत पण आहे.

स्टेट_मोजणारा

थांबा, पाठवायच्या आधी हे गेममध्ये बसतं का ते बघा. दोन मार्ग दिसतात.

पहिला, गिलावा हा वेगळा पातळ ब्लॉक, ग्लो लायकनसारखा (ते चमकणारं दगडफूल). १.१७ पासून ते गेममध्ये आहेच, कुठल्याही बाजूला चिकटतं. एका जागेत सहा बाजू, प्रत्येक बाजू आहे किंवा नाही, म्हणजे २ चा सहावा घात ६४, त्यात पाणी भरलेलं की नाही म्हणून दुप्पट, १२८ स्टेट, म्हणजे त्या एका ब्लॉकची इतकी वेगवेगळी रूपं. तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही, उद्या करता येईल. पण एक गोची आहे. लायकन भिंतीत नसतं, भिंतीसमोरच्या हवेच्या ब्लॉकमध्ये असतं. म्हणजे तुझा गिलावा खोलीतली जागा खाणार. गिलावा केलेल्या भिंतीला टेकून पेटी ठेवता येणार नाही, मशाल लावता येणार नाही, पलंग नाही, पुस्तकांचं कपाट नाही, कारण त्या जागेत आधीच गिलावा बसलाय. ज्या खोलीत भिंतीला टेकून काहीच ठेवता येत नाही ती खोली काय कामाची.

दुसरा मार्ग, गिलावा विटेच्या ब्लॉकच्याच स्टेटमध्ये घालायचा. मग समोरची हवा मोकळी. पण इथे हिशोब बघ. सहा बाजू आणि प्रत्येकीला १६ रंग किंवा काहीच नाही, म्हणजे १७ चा सहावा घात. २,४१,३७,५६९ स्टेट. एका विटेच्या ब्लॉकला. गेम लोड होताना प्रत्येक ब्लॉकची प्रत्येक स्टेट मेमरीत तयार होते, त्यामुळे हे विसर.

अंदाज यावा म्हणून, स्लॅबला ६ स्टेट आहेत, पायऱ्यांना ८०, आणि दगडी कुंपणाच्या वॉलला ३२४. काँक्रीटच्या पायऱ्या मागणाऱ्यांनी सोबत वॉल पण मागितली तर सोळा रंगांच्या नुसत्या वॉलच्या ५,१८४ होतात.

विटकर_०७

बापरे. अडीच कोटी. म्हणजे संपलंच की, गेली म्हैस पाण्यात.

स्टेट_मोजणारा

अरे संपलं काय, छाटत जा ना. जमीन आणि छत सोड, गिलावा फक्त चार उभ्या बाजूंना. सतराचा चौथा घात, ८३,५२१. अजून फार आहे. आता रंग सोड, एकच पांढरा. बाजूला गिलावा आहे किंवा नाही, २ चा चौथा घात, १६. एवढंच! आता त्यात तुझे पोपडे घाल, म्हणजे प्रत्येक बाजू कोरी, गिलावा किंवा पोपडे, ३ चा चौथा घात, ८१. वॉलचं गणित पण अगदी हेच आहे, तिथे प्रत्येक बाजू नाही, बुटकी किंवा उंच अशी तीन प्रकारची असते, मग मधला खांब आणि पाणी यांनी दोनदा दुप्पट होऊन ३२४. तुझ्या ब्लॉकला खांब नाही आणि अख्खा ब्लॉक असल्यामुळे पाणीही नाही. लाल विटा, दगडी विटा आणि चिखलाच्या विटा, तिन्हींना दिलं तरी २४३. एका वॉलपेक्षा कमी.

आणि हे सगळं स्टेटमध्येच असल्यामुळे ब्लॉक एंटिटी (पेटीतल्या सामानासारखी ब्लॉकची जास्तीची माहिती ठेवणारी गोष्ट) लागत नाही. जावामध्ये पिस्टन ब्लॉक एंटिटी ढकलत नाही, पेटी ढकलून बघ, पण ही भिंत गिलाव्यासकट सरकेल. चोरदरवाजा करणारे खूश होतील.

कोपऱ्यातला_क्रीपर

रंग नाही म्हणजे लोक बोंबलणार. पहिलीच कमेंट असेल "गुलाबी कुठाय".

सातमजली

बोंबलू देत. सोळा रंग मागितले की सोळा रंगांवरच चर्चा होते. पांढरा एकदा आत आला तर बाकीचं पुढे कधीतरी. टेराकोटाचं तसंच झालं ना, आधी नुसताच भाजलेला आणि रंगीत, मग २०१७ मध्ये १.१२ ला चकाकीवाला.

मला प्रश्न वेगळा आहे, लावायचा कसा? क्राफ्टिंग टेबलवर विट आणि गिलावा ठेवला तर कुठल्या बाजूला लागणार? आणि प्लीज नवीन अवजार नको, माझ्या पेटीत आधीच जागा नाहीये.

पाटीपेन्सिल

ब्रश! १.२० पासून ब्रश आहे गेममध्ये, पीस, तांब्याची वीट आणि काडी, आणि काम काय त्याला, तर संशयास्पद वाळू नाहीतर खडी झाडायची. नंतर आर्माडिलोला घासायचं आलं, बस. बाकी वेळ पेटीत पडून. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात गिलावा, ज्या बाजूवर क्लिक कराल त्या बाजूला लागला. काढायला कुऱ्हाड, तांब्यावरचा हिरवा गंज कुऱ्हाडीनेच खरवडतो आपण, तेच इथे. एकदा खरवडलं की पोपडे, दोनदा खरवडलं की कोरी वीट.

मी टेक्स्चर काढते, हौस म्हणून, म्हणून हे वाचून हात शिवशिवले आणि काल रात्री बसून गिलावा काढून बघितला. १६ बाय १६ पिक्सेल, २५६ ठिपके, त्यात काय एवढं वाटलं. पांढरट रंगाच्या चार छटा घेतल्या, आणि जरा जुनाट दिसावा म्हणून वर डाव्या कोपऱ्यात तीन पिक्सेलचा एक मळकट डाग दिला. एकटा ब्लॉक इतका सुंदर दिसत होता काय सांगू. मग दहा बाय सहाची भिंत लावली आणि साठ डाग एका ओळीत, कवायतीला उभे असल्यासारखे! भिंत कमी आणि सोंगट्यांचा पट जास्त. डाग काढला तर भिंत एकदम सपाट, पांढऱ्या काँक्रीटसारखी, मग गिलावा कशाला हवा.

शेवटी असं केलं, डाग नको, नुसता पोत, आणि त्याचे चार प्रकार. ब्लॉकस्टेटच्या फाइलमध्ये एकाच स्टेटला तीन-चार मॉडेल देता येतात आणि गेम जागेनुसार त्यातलं एक निवडतो. माती आणि वाळू अशीच फिरवून फिरवून वापरलेली असते म्हणून मैदानात ठिपक्यांची रांग दिसत नाही. चार प्रकारांत भिंत एकदम जिवंत झाली. पोपड्यांना मात्र चार पुरत नाहीत, डोळा लगेच ओळखतो, तिथे सहा तरी लागतील. आणि पोपड्याच्या कडेला खालून एक पिक्सेल गडद दिला की गिलाव्याला जाडी आल्यासारखी वाटते, नाहीतर नुसता पांढरा रंग सांडल्यासारखं दिसतं. ही एका पिक्सेलची गोष्ट मला तासभर सापडत नव्हती.

स्टेट_मोजणारा

मस्त. आणि ८१ स्टेटना ८१ मॉडेल लिहू नकोस ताई, मल्टीपार्ट वापर. विटेचं मूळ मॉडेल एक, त्यावर गिलाव्याची पातळ पट्टी आणि पोपड्याची पट्टी, चार बाजूंना फिरवायची. कुंपण तसंच जोडलेलं असतं. पट्टी चढवायची पद्धत बघायची असेल तर गवताचा ब्लॉक उघड, त्याच्या बाजूवरची हिरवी किनार मातीवर वेगळीच चढवलेली आहे.

कमी_ब्लॉक_क्लब

मी विरोधी पक्षात. दर अपडेटला ब्लॉक वाढतायत, क्रिएटिव्हची (सगळे ब्लॉक फुकट मिळतात तो मोड) यादी उघडली की स्क्रोल करून बोट दुखतं, तांब्याच्या चार अवस्था, त्या प्रत्येकीला मेण लावलेली वेगळी, मग त्याच्या पायऱ्या, स्लॅब, जाळी, दार, दिवा. ट्रॅपडोअरला खिडकीची झडप करणं, पायऱ्यांना खुर्ची म्हणणं, हेच तर या गेमचं कसब आहे. सगळं तयार मिळालं तर तुम्ही करणार काय? आणि एवढीच हौस असेल तर मॉड टाका, क्वार्कमध्ये उभे स्लॅब मिळतात.

सातमजली

क्लबवाले, खुर्चीचं मान्य. खुर्चीचा ब्लॉक मी पण मागणार नाही, पायऱ्यांची खुर्ची होते आणि बघणाऱ्याला कळते, काम झालं. पण आत एक आणि बाहेर एक हे कुठल्याच जुगाडाने होत नाही, झालं तर जागा जाते. दोन्ही एका मापाने नका मोजू. आणि मॉडचं म्हणाल तर माझे निम्मे मित्र फोनवरून बेडरॉक, म्हणजे गेमची दुसरी आवृत्ती, खेळतात, त्यांना जावाचे मॉड काय कामाचे?

स्टेट_मोजणारा

शिवाय क्रिएटिव्हच्या यादीत हे फक्त एक वस्तू वाढवतं, गिलाव्याचा गोळा. गिलावा केलेली वीट यादीत नसेलच, ती तुम्ही ब्रशने करणार. फोडली तर साधी वीट पडेल, गिलावा वाया. जुन्या जगातल्या विटांचंही काही बिघडणार नाही, सगळ्या बाजू कोऱ्या धरल्या जातील.

कमी_ब्लॉक_क्लब

एकच वस्तू असेल तर ठीक आहे, विरोध मागे. पण तांब्यासारखे आपोआप पोपडे यायला लागले तर परत येईन भांडायला. मी तीन महिने लावून घर बांधायचं आणि गेमने त्याचा रंग उडवायचा, मग पोळं शोधत फिरा मेणासाठी.

विटकर_०७

नाही, आपोआप नको, मलाही नको. पोपडे कुठे निघावेत हे मला ठरवायचंय, पावसाच्या बाजूला, नळीच्या खाली, जिन्याच्या कडेला जिथे येणाऱ्याजाणाऱ्यांचे खांदे घासतात तिथे. गेमने कुठेही काढले तर भिंतीवर नुसता घाण दिसणारा गोंधळ होईल, कळलं ना.

आता राहिलं गिलावा बनवायचा कशाचा. मी म्हणत होतो हाडांची पूड आणि चिकणमाती, दोन्ही पहिल्या दिवसापासून मिळतात.

पाटीपेन्सिल

कॅल्साइट घे की! खऱ्या चुन्याच्या गिलाव्याचं तसंच असतं, चुनखडी भट्टीत भाजायची, तिच्यात पाणी घातलं की चुना विरतो, वाळूत कालवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत कॅल्शियम कार्बोनेटच होतो. म्हणजे दगड भाजून, मऊ करून, भिंतीवर परत दगड. गेममध्ये कॅल्साइट भट्टीत टाका, मग वाळू. काँक्रीटची पूड पाण्याने घट्ट होते ती कल्पना आधीपासून आहेच, त्याच्याशी पण जुळतं.

कोपऱ्यातला_क्रीपर

कॅल्साइट मिळतं कुठे, जिओडच्या (जमिनीखालचा स्फटिकांचा पोकळ गोळा) मधल्या थरात नाहीतर खडकाळ शिखरांवर पट्ट्यांत. नवीन पोरगं पहिलं घर बांधतंय आणि त्याला सांगायचं आधी जिओड शोध? हाडांची पूड चालू दे. शास्त्र थोडं इकडेतिकडे झालं तर कुणी मरत नाही, झाड ठोसा मारून तोडतो आपण.

पाटीपेन्सिल

बरं. पण रेसिपीच्या खाली एका ओळीत कॅल्साइटचा पर्याय लिहाच, एका कॅल्साइटचे चार गोळे वगैरे. ज्याला डोंगर चढायचाय तो चढेल.

विटकर_०७

लिहितो. तर मसुदा असा झालाय, बघून घ्या. पहिल्यांदा सातमजलीताईंचा आडव्या झालेल्या भिंतीचा फोटो आणि पंचवीसचे नऊ वाला हिशोब. मग एका वाक्यात मागणी, की विटेच्या भिंतीला एका बाजूने ब्रशने पांढरा गिलावा करता यावा आणि कुऱ्हाडीने खरवडून पोपडे काढता यावेत. मग तीन प्रकारच्या विटा, चार बाजू, ८१ स्टेट, आपोआप काही होणार नाही. मग पाटीपेन्सिलचं दहा बाय सहाच्या भिंतीचं चित्र, डागवालं आणि बिनडागाचं दोन्ही शेजारी शेजारी. रेसिपी शेवटी, कारण त्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं हे आत्ताच बघितलं. बाकीचे तेरा ब्लॉक वहीतच.

एक शंका राहिली. जिन्याखाली माझी विटांच्या पायऱ्यांची उलटी कमान आहे, तिला गिलावा लागणार का?

स्टेट_मोजणारा

पायऱ्यांच्या आधीच ८०. त्याला ८१ ने गुण.

विटकर_०७

६,४८०. नको, कमान उघड्या विटांचीच राहू दे, तशीही बरी दिसते.

सातमजली

फोटो पाठवलाय, मेसेज बघ. उजवीकडची कोंबडी कापून घे, ती भिंत आडवी झाल्यावर आत घुसली होती.